फोन येण्यापुरता

२०२५ चा ऑगस्ट. गणपतीला दोन दिवस उरले होते. कोकणातल्या खेडच्या एसटी स्टँडकडून बाजारात येणारा रस्ता माणसांनी आणि पिशव्यांनी भरून गेला होता. मुंबईच्या गाड्या येत होत्या, माणसं उतरत होती, पावसाची सर आली की सगळी दुकानांच्या पत्र्याखाली शिरत होती. मीही अशीच एका मोबाईलच्या दुकानात शिरले. दुकान कसलं, दोन माणसं उभी राहिली की तिसरी रस्त्यावर. माझ्यापुढे एक बाई होत्या, साठी ओलांडलेल्या. डोक्यावरची खोळ काढून त्यांनी बाजूला ठेवली, कमरेची पिशवी सोडली, पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून प्लॅस्टिकची पुडी, आणि पुडीतून बटनाचा फोन.

"दादा, फोन यायचा बंद झालाय. येण्यापुरता मार. मना कुणाला लावायचा नाय."

"मावशी, येण्यापुरता असा नसतो आता. येण्याजाण्याचा एकच."

"आदी दहाचा चालत होता की."

दुकानदार काही बोलला नाही. दिवसातून हे वाक्य त्याला किती वेळा ऐकावं लागत असेल कोण जाणे. त्याने काउंटरखालची वही काढली, बाईंचा नंबर शोधला आणि पानावर बोट ठेवून मागचा रिचार्ज कधी मारला होता ते सांगू लागला. मीसुद्धा माझ्या आईच्या फोनचा रिचार्ज मारायला तिथे थांबले होते. मी डोंबिवलीत राहते. माहेर खेड तालुक्यात, सुमारगडाच्या बाजूच्या एका वाडीत. आई तिथे एकटी असते. तिलाही फोन लागतो तो येण्यापुरताच.

त्या गणपतीत आणि नंतरच्या दोन खेपांत मी भेटेल त्याला एकच विचारत सुटले: तुमचा फोन कुठला, कार्ड कुठलं, आणि ते कुणी ठरवलं? स्टँडवर विचारलं, भरणे नाक्यावर विचारलं, खेड स्टेशनात मांडवी एक्स्प्रेसची वाट बघत बसलेल्यांना विचारलं. "मी ठरवलं" असं सांगणारी माणसं फार थोडी निघाली. "पोराने घेऊन दिला." "आमच्याकडे त्याचीच रेंज." "बँकेत तोच नंबर दिलाय, आता बदलणार कसा?" बाजार माणसाला गिऱ्हाईक समजतो आणि त्याच्यासमोर पन्नास प्लॅन मांडून ठेवतो. खेडमधला माणूस त्या पन्नासांतून निवडतच नाही. त्याच्यासाठी निवड झालेली असते. ती डोंगराने केलेली असते, मुंबईतल्या मुलाने केलेली असते, नाहीतर आधारकार्डाने.

०००

कोकणातल्या घरांचा निम्मा माणूस कायम बाहेर असतो, ही गोष्ट धरल्याशिवाय इथल्या फोनचं काही कळत नाही. आधी गिरण्या होत्या, गोदी होती, मग कारखाने, कचेऱ्या, टॅक्सी. घर चालायचं ते मनिऑर्डरीवर. मनिऑर्डरीच्या फॉर्मला खाली एक चिठोरं असायचं, त्यावर दोन ओळी लिहिता यायच्या. माझ्या आजीने त्या दोन ओळींवर महिने काढले. तार आली तर ती उघडायच्या आधीच घरात रडायला सुरुवात व्हायची, कारण चांगली बातमी घेऊन तार क्वचित यायची.

मग एसटीडीचा पिवळा बोर्ड आला. खेडचा कोड ०२३५६, तो तालुक्यातल्या एका पिढीला अजून पाढ्यासारखा पाठ आहे. मुंबईचा फोन दिवसा महाग, रात्री अकरानंतर पाव दराने. म्हणून जेवणं आटोपून माणसं बूथवर येऊन बसायची. काचेच्या खोलीत लाल आकडे पळायला लागले की बोलणाऱ्याचं लक्ष बोलण्यावरून उडून आकड्यांवर जायचं. आणि गावात ज्याच्याकडे फोन होता त्याचा नंबर सगळ्या वाडीचा नंबर व्हायचा. लग्नपत्रिकेवर, अर्जावर, मुंबईतल्या डायरीत त्या नंबरापुढे कंसात 'पीपी' लिहिलेलं असे. दुसऱ्याच्या घरी फोन यायचा, आणि एक पोरगा धावत यायचा: "काकी, मुंबईचा फोन! दहा मिनिटांनी परत लावतायत!" आई हातातलं काम टाकून, पदर खोचत पळायची. ते पळणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तिला कुणाला फोन करायचा नसे. फोन येईल तेव्हा आपण तिथे असलो पाहिजे, एवढंच.

भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ ला कोलकात्याहून झाला. ज्योती बसूंनी दिल्लीत दळणवळण मंत्री सुखराम यांना केला. तेव्हा मिनिटाचा दर सोळा रुपयांपर्यंत होता, आणि आलेला फोन उचलला तरी पैसे पडत. अशी वस्तू खेडच्या वाडीत येण्याचं काही कारणच नव्हतं. ती आली १ मे २००३ नंतर. त्या महाराष्ट्र दिनापासून देशात येणारा फोन फुकट झाला. पैसे फक्त लावणाऱ्याने द्यायचे. त्याच वर्षी पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपयांत फोन हातात द्यायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी नोकियाचा ११०० बाजारात आला. त्याच्या डोक्यावर बॅटरी होती. वीज गेली, गोठ्यात जायचं आहे, पाणंदीत साप असू शकतो, अशा प्रत्येक घराला ती बॅटरी फोनाइतकीच लागत होती. आमच्याकडे तो फोन आला तेव्हा शेजारणीने आईला विचारलं होतं, "याच्यात सेल किती घालायचे?"

पण मला विचाराल तर वाडीत मोबाईल पोचवला तो फुकट झालेल्या इनकमिंगने. म्हाताऱ्या माणसाला फोन बाळगण्याचा खर्च शून्यावर आला होता. मुंबईतला मुलगा पैसे भरून बोलेल, आईने फक्त हिरवं बटण दाबायचं.

०००

आता यात एक मोठी अडचण होती, आणि ती पूर्णपणे कागदावरची होती. दूरसंचार खात्याने देशाचे जे विभाग पाडले, सर्कल म्हणतात त्यांना, त्यात मुंबई हे एक वेगळं सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरं. सरकारी कंपन्यासुद्धा त्याच रेषेवर विभागलेल्या: मुंबईत एमटीएनएल, खेडात बीएसएनएल. ज्या घराचा बाप लालबागला आणि आई खेडला, त्या घराच्या मधोमध ही रेषा गेली. एकाच राज्यात, एकाच कुटुंबात बोलायचं तर तो एसटीडी. गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्याचा फोन मुंबईची हद्द सुटली की रोमिंगमध्ये जायचा आणि आलेल्या फोनचे पैसे कापायला लागायचा. कशेडी घाट उतरताना बायकोचा फोन आला तरी माणसं कापायची नाहीतर घाईत दोन शब्द बोलायची.

त्यामुळे कोकणात दोन कार्डांची पद्धत पडली. मुंबईचं एक, गावचं एक. गावाकडचं कार्ड वर्षातून तीन वेळा, गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात, पाकिटातून निघायचं. दोन सिमांचे फोन आले तेव्हा शहरातल्या लोकांना ती एक सोय वाटली. आमच्या लोकांना वाटलं, चला, कुणीतरी आपला विचार केला. बीएसएनएल आणि एमटीएनएलने १ मार्च २००६ ला 'वन इंडिया' योजना आणून देशात कुठेही एक रुपया मिनिट केला, तेव्हा ती रेषा पुसट झाली. १५ जून २०१५ पासून बीएसएनएलने रोमिंगमधलं इनकमिंग फुकट केलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि रोमिंग हा शब्दच संपला. आज पनवेल सोडताना कुणाचा फोन काही सांगत नाही. खेड आणि लालबाग एका दरात आले, याला मोबाईल सुरू झाल्यापासून वीस वर्षं लागली.

मधल्या काळात लोकांनी स्वतःची एक योजना चालवली, तिला कुठल्याच कंपनीचा शिक्का नव्हता: मिस्ड कॉल. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन म्हणजे फोन कर. दुपारच्या वेळी सलग तीन आल्या की काहीतरी बिनसलंय. आफ्रिकेतही हेच चालत होतं. तिथे त्याला 'बीपिंग' म्हणत, आणि जोनाथन डॉनर या अभ्यासकाने त्याचे अलिखित नियम मांडणारा एक निबंध २००७ मध्ये लिहिला. गरजू माणसाने श्रीमंताला मिस्ड कॉल द्यायचा, उलटं नाही, हा त्यातला एक नियम. आमच्या वाडीत हा नियम कुणी वाचला नव्हता, पाळत मात्र सगळे होते. आई मिस्ड कॉल द्यायची आणि भाऊ मुंबईहून लावायचा. भावाने कधी आईला मिस्ड कॉल दिला असता तर वाडीत त्याचं तोंड दाखवणं कठीण झालं असतं.

२००५ संपता संपता 'लाइफटाइम' कार्डं निघाली. एकदा ९९९ रुपये भरा, नंतर रिचार्ज मारा किंवा नका मारू, येणारे फोन चालू राहतील. पुढे ही रक्कम उतरत गेली तशी ही कार्डं वाड्यावाड्यांत पोचली. आईचं कार्ड त्यातलंच. ते तिने स्वतःच्या पैशाने घेतलं, काजूबिया विकून आलेल्या पैशातून. कार्डाचं पाकीट ती अजून ट्रंकेत जपते, कारण दुकानदाराने तिला सांगितलं होतं, "काकी, आता मरेपर्यंत बघायला नको."

०००

२०१८ च्या शेवटी ते बघावं लागलं. एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियाने किमान रिचार्ज सुरू केला: २८ दिवसांना ३५ रुपये, नाहीतर आधी जाणारे फोन बंद, मग काही दिवसांनी येणारेही. लाइफटाइमवालेही त्यातून सुटले नाहीत. कंपन्यांची बाजू मला समजते. जिओ आल्यावर दर कोसळले होते, अनेक कंपन्या बुडाल्या किंवा एकमेकींत मिसळल्या, आणि ज्या कार्डावरून दमडी येत नाही ते सांभाळणं त्यांना परवडत नव्हतं. पण ही कार्डं होती कुणाची? दुर्लक्षाने पडून राहिलेली काही असतील. पुष्कळशी मात्र आईसारख्यांची होती. ती रोज वापरात होती, फक्त त्यांच्यावरून फोन लावला जात नव्हता. त्या कार्डावर जो फोन येत होता, त्याचे पैसे मुंबईहून मुलगा भरतच होता.

तिथून पुढे पायऱ्या चढत गेल्या. पस्तीसचे एकोणपन्नास झाले, एकोणऐंशी, नव्याण्णव, दीडशेच्या वर. जुलै २०२४ मध्ये सगळ्या खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले आणि नुसतं चालू राहण्याचा महिना जिओला १८९ वर, एअरटेल आणि व्हीआयला (म्हणजे व्होडाफोन-आयडियाला) १९९ वर गेला. सहा वर्षांत पस्तीसावरून एकशे नव्याण्णवावर. त्या १९९ मध्ये दोन जीबी डेटा असतो. मावशींच्या पुडीतल्या फोनला डेटा म्हणजे काय ते माहीत नाही. तरी दर महिन्याला त्या दोन जीबी विकत घेत होत्या आणि न वापरता टाकून देत होत्या.

आणि तो महिना २८ दिवसांचा. आमच्याकडची जुनी माणसं तिथीवर चालतात; त्यांचा महिना अमावास्येला संपतो. इंग्रजी महिना पगारदारांना कळतो. हा अठ्ठावीस दिवसांचा महिना ना पंचांगात बसतो ना कॅलेंडरात. दर खेपेला तो दोनतीन दिवस मागे सरकतो, वर्षात तेरा वेळा येतो, आणि तो संपल्याचा निरोप इंग्रजीतल्या मेसेजने येतो. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, प्रत्येक कंपनीला निदान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा प्लॅन ठेवायला लावलं. तसे प्लॅन आहेत. दुकानाच्या काचेवर चिकटवलेल्या कागदावर ते मला कुठे दिसले नाहीत.

मग २३ डिसेंबर २०२४ ला ट्रायने जे केलं ते खरोखर कामाचं होतं. डेटा नको असलेल्यांसाठी फक्त बोलण्याचा आणि मेसेजचा वेगळा प्लॅन ठेवलाच पाहिजे, आणि अशा प्लॅनची मुदत नव्वद दिवसांवरून वर्षापर्यंत नेता येईल, असा नियम. जानेवारी २०२५ मध्ये प्लॅन आले. एअरटेलचा ८४ दिवसांना ४६९ आणि वर्षाला १,८४९. जिओचा ८४ दिवसांना ४४८ आणि ३३६ दिवसांना १,७४८. म्हणजे दिवसाला पाच रुपये आणि वर काही पैसे. १९९ चे तेरा रिचार्ज केले तर २,५८७ होतात. वर्षाचा एकदम मारला तर सातशेवर रुपये वाचतात.

वाचतात ते एकदम १,८४९ देऊ शकणाऱ्याचे. श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन महिन्याला १,५०० रुपये आहे. वर्षाचा रिचार्ज मारायचा तर आजीने महिनाभर काही खायचं नाही आणि वर साडेतीनशे उसने घ्यायचे. म्हणून ज्यांना स्वस्त प्लॅनची सगळ्यात जास्त गरज, ती माणसं महागातला २८ दिवसांचा घेतात. दुकानदाराची वही त्यासाठीच आहे. त्यात उधारी आहे. मी पान चाळू देण्याची विनंती केली. त्याने नावांवर हात ठेवून रकमा दाखवल्या. बहुतेक नोंदींपुढे एकच शेरा होता: 'गणपतीत'. मुंबईकर आले की द्यायचे.

नुसता येणारा फोन उचलण्यासाठी रोजचा एक रुपया, याहून जास्त घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते धंद्यात बसवणं अवघड असेल तर सरकारने भरावं. गावोगाव टॉवर पोचवण्यासाठी याच सरकारने जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. टॉवर वाडीत पोचावा आणि त्याखालच्या म्हातारीचा फोन रिचार्जअभावी मुका असावा, याला पोचणं म्हणत नाहीत.

०००

दर परवडले तरी रेंज पाहिजे, आणि रेंज खेडात डोंगर ठरवतो. तालुका सह्याद्रीच्या पायथ्यापासून पश्चिमेला दापोलीच्या हद्दीपर्यंत उतरत जातो. वर रसाळगड, सुमारगड, महिपतगड. खोपीवरून रघुवीर घाट चढून पलीकडे साताऱ्यात जाता येतं. मधे जगबुडी आणि तिला मिळणारे ओढे. वस्ती सड्यावर कमी, खोलगटात जास्त, कारण पाणी तिथे आणि वारा कमी. टॉवरची लाट मात्र सरळ जाते. सड्यावर चार कांड्या आणि चिऱ्याच्या भिंतीआड शून्य, हा इथला रोजचा अनुभव. त्यात ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झची लाट लांब जाते, झाडीतून आणि भिंतीतून बऱ्यापैकी शिरते. २३०० ची जास्त डेटा वाहते पण लवकर थकते. म्हणून शहरात वेगवान ठरलेली कंपनी गावात कुचकामी निघते, आणि मुंबईहून नवं कार्ड घेऊन आलेला पुतण्या दोन दिवस अंगणभर हात वर करून फिरतो.

आमच्या वाडीत विहिरीच्या वर एक दगड आहे, त्याला 'रेंजचा दगड' म्हणतात. २०२० च्या टाळेबंदीत त्या दगडाभोवती पोरांनी ताडपत्री बांधून शाळा केली होती. सिंधुदुर्गात तर एका विद्यार्थिनीने डोंगरावर झोपडी बांधून तिथे बसून पशुवैद्यकीचा अभ्यास केला. वर्तमानपत्रांत तिचं कौतुक छापून आलं. मला ते वाचताना कौतुकापेक्षा जास्त वाटत होतं ते पावसाचं भय.

टॉवर कुणाचा, यावर फोन कुठला घ्यायचा हेही ठरतं. जिओचं जाळं फक्त ४जी आणि त्याच्या पुढचं. जुन्या टूजीच्या बटनाच्या फोनला ते दिसतच नाही. वाडीजवळ जिओचाच टॉवर असेल तर धडधाकट नोकिया ट्रंकेत जातो. त्यासाठी जुलै २०२३ मध्ये जिओ भारत नावाचा ९९९ रुपयांचा बटनाचा ४जी फोन आला, २८ दिवसांना १२३ रुपये. मला भेटलेल्यांत सगळ्यात कमी खर्चात बोलणारी माणसं हाच फोन वापरणारी होती. फक्त त्यात दुसऱ्या कंपनीचं कार्ड चालत नाही; एकदा घेतला की त्या घरात कंपनी बदलायचा विषय संपला.

आतल्या गावांतून 'सरकारी टॉवर'ची, म्हणजे बीएसएनएलची माणसं अजून टिकून आहेत. २०२४ च्या दरवाढीत बीएसएनएलने दर वाढवले नाहीत, तेव्हा देशभर लोक नंबर घेऊन तिकडे वळले, खेडातलेही काही वळले. आणि काही परत फिरले, कारण नेट चालेना. २७ सप्टेंबर २०२५ ला बीएसएनएलचं देशी बनावटीचं ४जी रीतसर सुरू झालं, टीसीएस, तेजस आणि सी-डॉट यांनी मिळून बांधलेलं. त्यातली एक बारीक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगते: हे ४जी अनेक ठिकाणी ७०० मेगाहर्ट्झवर चालतं, आणि काही जुन्या ४जी फोनांना ती लाट, तांत्रिक भाषेत बँड २८, पकडता येत नाही. कार्ड बदलण्याआधी आपल्या फोनच्या माहितीत तो बँड आहे का, ते कुणाकडून तरी बघून घ्यावं. नाहीतर दोष टॉवरला दिला जातो.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय जानेवारी २०११ पासून देशभर आहे. १९०० वर मेसेज पाठवायचा, आलेला कोड दुकानात द्यायचा, त्याच सर्कलमध्ये तीन कामाच्या दिवसांत काम होतं. पण खेडात 'पोर्ट मारायचा' हा निर्णय एकट्याचा नसतो. आधी वाडीत कुणीतरी एक जण मारतो. बाकीचे महिनाभर त्याच्याकडे बघत राहतात.

०००

लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाच्या पोरांशीही बोलले. त्यांना डेटा पाहिजे, रात्री व्हिडिओवर घर दिसलं पाहिजे. त्यांची गोष्ट आमच्या चाकरमान्यांचीच आहे, फक्त आम्ही आता पलीकडच्या टोकाला आहोत.

फुरूस, कर्जी या बाजूच्या गावांतली माणसं आखातात आहेत, काही घरांची तिसरी पिढी. तिकडून येणारा फोन म्हणजे आता व्हिडिओ कॉल, त्यामुळे या घरांतल्या म्हाताऱ्यांच्या हातात टच फोन लवकर आला. अमिरातीत व्हॉट्सॲपवर बोलता येत नाही, मेसेज तेवढे जातात. म्हणून तिथे मुलगा असलेल्या आईच्या फोनमध्ये बोटिम असतं, आणि ते कसं उघडायचं हे तिला बरोबर माहीत असतं. एका घरात मला दिसलं, कपाटात एक जुना फोन सतत चार्जिंगला लावलेला. मुलाचं भारतातलं कार्ड त्यात. त्याला कुणी फोन करत नाही. बँकेचा ओटीपी आला की आई तो आकडा वाचून तिकडे पाठवते. नव्वद दिवस कार्ड वापरात नसलं की ते बंद होऊ शकतं, आणि मग काही काळाने तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो. वीस रुपये शिल्लक ठेवून मुदत वाढवायची एक सोय ट्रायने २०१३ पासून दिलेली आहे. ती त्या आईला ठाऊक होती, मला नव्हती.

ओटीपीने नंबरला घराच्या उताऱ्याइतकं वजन आणलं. गॅस, बँक, पीएम किसान, रेशन, सगळं एका नंबरावर. लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालं, तेव्हा बाईच्या आधारला लागलेल्या नंबरावर ओटीपी आणि नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरही ओटीपी. नवरा मुंबईत, त्याचा फोन कामावर लॉकरमध्ये, आणि ओटीपीची मुदत काही मिनिटांची. बाया रेंजच्या दगडावर बसून मुंबईला फोन लावत होत्या: "आकडा आला काय? वाच, वाच लवकर." मोबाईल आपला, नंबर आपला, आणि पंधराशे रुपये दुसऱ्याच्या खिशातल्या फोनवर अडलेले.

०००

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. मंडणगड, दापोलीत हाहाकार झाला, आमच्याकडे कौलं आणि झाडं गेली. वीज गेली, टॉवरची बॅटरी संपली, डिझेल संपलं, आणि फोन मेले. सगळ्या कंपन्यांचे, सगळ्या प्लॅनचे. मुंबईत टाळेबंदीत अडकलेली अख्खी चाळ गावाकडचे नंबर फिरवत होती. पुढच्या वर्षी, २२ जुलै २०२१ ला, चिपळूण बुडालं, जगबुडी खेडच्या बाजारात शिरली, आणि त्याच पावसात पोसऱ्याच्या बौद्धवाडीवर दरड आली. सतरा माणसं गेली. त्या रात्री मी आईला साठसत्तर वेळा तरी फोन लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी वाडीतल्या एका पोराने सड्यावर चढून कुठल्यातरी लांबच्या टॉवरची कांडी पकडली आणि वाडीच्या मुंबई मंडळातल्या एकाला सांगितलं, "सगळी हायत." त्या एका फोनवरून चाळीस घरांना निरोप गेला.

पण तो आपत्तीचा काळ होता. माझ्या मनात जास्त सलतं ते साध्या दिवसातलं. मागल्या श्रावणात आईचा फोन नऊ दिवस लागत नव्हता. पलीकडून बाई रेकॉर्ड केलेल्या आवाजात काहीतरी सांगायची आणि मला वाटायचं रेंज नसेल, पाऊस आहे. दहाव्या दिवशी शेजारच्या काकांना लावला, ते छत्री घेऊन गेले. आई बरी होती. रोज रात्री नऊला फोन पायलीवर ठेवून ती त्याच्यासमोर बसत होती. तिला वाटलं, आम्ही कामात असू. रिचार्ज संपलेला फोन आणि विसरलेली मुलं, यांत तिला फरक करता येत नव्हता. अठ्ठावीस दिवस माझ्याच लक्षात राहिले नव्हते. त्या दिवशी मी तिचा वर्षाचा मारला.

०००

त्या दुकानात दुकानदार मावशींना समजावत होता. हा महिन्याचा. हा तीन महिन्यांच्या आतला, चौऱ्याऐंशी दिवस, नेट नाही, नुसतं बोलणं, चारशे एकोणसत्तर. हा वर्षाचा.

"वर्साचा केवड्याला?"

त्याने सांगितलं. मावशींनी रुमालाची गाठ सोडून नोटा मोजल्या, परत मोजल्या.

"तो चवऱ्यांशीचा मार. शिमग्यापातूर जाईल?"

दुकानदाराने कॅलेंडर उलटलं. ऑगस्टचे उरलेले दिवस, सप्टेंबर, ऑक्टोबर, बोटाने मोजत तो नोव्हेंबरच्या सोळा तारखेवर थांबला. तारीख त्याने सांगितली नाही. "तुळशीचं लग्न होईल मावशी. देवदिवाळीच्या आत संपेल."

"मंग देवदिवाळीला परत यायचा."

"लिहून ठेवतो. नाही आलात तर मी मारीन, पैसे मागनं द्या."

फोन एकदा थरथरला. मावशींनी तो कानाला लावला, कुणी बोलत नव्हतं, रिचार्ज झाल्याचा मेसेज होता. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "बाय, जरा तुझ्या फोनवरून ह्याला लाव. येतोय काय बघूया."

मी नंबर विचारून लावला. पुडीतल्या फोनची रिंग मोठी होती, रस्त्यापलीकडचा हारवालाही वळून बघू लागला. मावशींनी तो लगेच उचलला नाही. दोन रिंग वाजू दिल्या, तिसरी वाजू दिली, मग लाल बटण दाबून तो पुडीत घातला, पुडी रुमालात, रुमाल पिशवीत, आणि खोळ डोक्यावर ओढून पावसात उतरल्या.